टाकीवरचं झाकण

कामठेमिस्त्रींची आणि माझी ओळख एका पान्याने करून दिली. तो माझ्या उजव्या कानापासून वीतभरावरून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला. मी नुकतीच गॅरेजच्या दारात पाय ठेवून "कुणी आहे का?" असं विचारलं होतं. कुणी होतं, हे लगेच कळलं.

पाना माझ्यासाठी नव्हता. माझ्यापुढे एक टेंपोवाला उभा होता, तो वेळेवर वाकला म्हणून पाना माझ्यापर्यंत पोचला. बिचाऱ्याने एवढंच म्हटलं होतं, की मी काही केलं नाही, गाडी आपोआप बिघडली. मिस्त्रींपुढे 'आपोआप' हा शब्द उच्चारायचा नसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. तशी पाटी बाहेर लावलेली नव्हती. पुण्यात नको तिथे पाट्या असतात आणि जिथे एखाद्याचं डोकं वाचेल तिथे नेमकी नसते.

"बाई, लागलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"मग काय बिघडलंय ते सांगा. अन् खरं सांगा."

ती ऐंशीच्या दशकाची अखेर. मी कात्रज घाटापलीकडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची आणि एक जुनी, सेकंडहँड गाडी चालवायची. बाईमाणूस स्वतः गाडी चालवते म्हटल्यावर बाकीचे मेकॅनिक माझ्याशी न बोलता माझ्या मागे कोण पुरुष आलाय ते शोधायचे. मिस्त्री तसं करत नव्हते. ते सगळ्यांवर सारखेच ओरडायचे. मी त्यांची कायमची गिऱ्हाईक झाले ती त्यामुळे.

बिबवेवाडीच्या कडेला एकेकाळी कामठ्यांचं शेत होतं. चहूबाजूंनी सोसायट्या आल्या आणि शेताची एक पट्टी तेवढी उरली. तिच्यावर मिस्त्रींनी पत्र्याची शेड टाकली होती. शेडच्या मागच्या अंगाला सिमेंटची कमरेएवढी पाण्याची टाकी होती आणि टाकीपाशी इस्माईलभाई बसायचे. मिस्त्रींचं इंजिन, इस्माईलभाईंचा रेडिएटर, अशी अठरा वर्षांची वाटणी होती. गळका रेडिएटर आला की इस्माईलभाई त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करत, तो टाकीत बुडवत आणि पंपाने आत हवा भरत. जिथून बुडबुडे येतील तिथे कथलाचा डाग द्यायचा. पुन्हा बुडवायचा. एकही बुडबुडा आला नाही की मग तो मिस्त्रींच्या हाती. इस्माईलभाई शांत, बारीक आवाजाचे, शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांची तिसरी पिढी पुण्यात पत्र्याचं आणि कथलाचं काम करत होती. "टाकी खोटं बोलत नाही," एवढंच ते गिऱ्हाइकाला सांगत.

मिस्त्री बुटके, रुंद, मान खांद्यात रुतलेली. डाव्या कानाची पाळी नव्हती. कानापासून गळ्यापर्यंतची कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती. तरुणपणी खडकीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला असताना ते तापलेल्या इंजिनावर वाकले होते, आणि जोडीदाराने त्यांना न सांगता रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी आणि वाफ थेट तोंडावर आली. डोळे वाचले, एवढंच. तेव्हापासून त्यांचा एक नियम होता. गाडी आली की झाकण तेच काढणार, आणि काढलेलं झाकण स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकणार. काम पुरं होईपर्यंत ते कुणाच्या हाती लागायचं नाही. बटण लावलेला खाकी खिसा दिवसभर फुगलेला असायचा. कधी एक झाकण, कधी तीन.

"मिस्त्री, कुठलं कुणाचं ते कळतं कसं?" मी एकदा विचारलं.

"तुमाला तुमची पोरं कळत्यात का न्हाई?"

मला मुलं नव्हती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

झाकणाच्या बाबतीत ते किती हातघाईवर येत, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सफारी घातलेले एक गृहस्थ वाफाळती गाडी घेऊन आले. मिस्त्री हात पुसतायत तोवर यांनी रुमाल गुंडाळून झाकणाला हात घातला. मिस्त्रींनी चार पावलांवरून झेप घेतली आणि त्यांच्या छातीत असा गुद्दा हाणला, की ते पाठीवर पडले आणि घरंगळत गटारात गेले. चष्मा फुटला, कोपर सोलून रक्त निघालं. गृहस्थ ओळखीपाळखीवाले होते. तासाभरात हवालदार हजर.

"साहेबांना मारलं का?"

"मारलं," मिस्त्री म्हणाले. "तोंड वाचलं म्हणून तक्रार हाय त्यांची. ल्हून घ्या." आणि त्यांनी हवालदाराचा हात धरून स्वतःच्या कानावर ठेवला, जिथे पाळी नव्हती तिथे. हवालदाराने हात झटक्यात मागे घेतला आणि वही मिटली.

लोक हा किस्सा कौतुकाने सांगायचे. मीही सांगितला आहे. पण त्यांचा प्रत्येक तडाखा असा कुणाचा जीव वाचवायला नसायचा, हेही सांगून टाकते. क्लिप ढिली ठेवली म्हणून त्यांनी एका चांगल्या कामगाराच्या कानशिलात अशी दिली होती, की तो आठवडाभर एका कानाने ऐकत होता आणि मग आलाच नाही. एका रिक्षावाल्याच्या काचेवर हातोडी घातली होती. मला त्या वेळी त्यांची शिसारी यायची. तरी मी तिथेच जायची, कारण गाडी नीट व्हायची. आपल्या कामाचं होतंय ना, म्हणून दुसऱ्याला बसलेल्या थपडेकडे काणाडोळा करायचा, हे मी किती वर्षं केलं याचा हिशेब मांडायला मला आवडणार नाही.

त्यांची विद्या मात्र खरी होती. गाडी पाणी खाते म्हणून कुणी आलं, की ते आधी गाडीला हातच लावत नसत. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरायला सांगत आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघत. होज पाइप पिळून बघत, पंपाखाली बोट फिरवून चाटत, इंजिन ऑइल काढून त्यात दुधाळ रंग दिसतो का ते बघत, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून वास घेत. "पाणी कुटं जात न्हाई," ते म्हणायचे. "आपली नजर दुसरीकडं जाती."

आणि दोष सापडला की तो भाग काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. कुजलेला पाइप असो, झिजलेली चकती असो. "हा तुमचा चोर." चोर दाखवल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सोडली नाही. माझ्या घरी फुलदाणीशेजारी असे तीन चोर ठेवलेले होते.

वर्षातून एक दिवस मिस्त्री वेगळे दिसायचे. खंडेनवमीला सगळी हत्यारं रॉकेलने धुऊन, पुसून, धुतलेल्या पोत्यावर ओळीने मांडलेली असत. मार्केट यार्डातून झेंडू आणायचं काम इस्माईलभाईंचं. त्यांचं डाग द्यायचं तांब्याचं हत्यारही ओळीच्या टोकाला असे. ते स्वतः बाजूला हात बांधून उभे राहत. गल्लीतले लोक प्रसादाला जमत. मग मिस्त्री एकेक पाना कपाळाला लावत आणि मोठ्याने सांगत, "तुला त्या टेंपोवाल्यावर फेकला. चुकलं." पुढचा पाना. "तुझा दात मोडला रागात. चुकलं." सगळ्या वर्षाची आठवण त्यांना असायची.

एकदा इस्माईलभाई हसत म्हणाले, "मिस्त्री, हत्यारांची माफी मागता. माणसांची कधी?"

"त्याला सण कुटला हाय?" मिस्त्री म्हणाले. लोक हसले. मीही हसले.

त्या दसऱ्यानंतर दोन आठवड्यांनी माझी गाडी पाणी खाऊ लागली.

आता त्याला कूलंट म्हणतात आणि ते हिरवं, गुलाबी असतं. तेव्हा आम्ही पाणीच म्हणायचो आणि नळाचंच घालायचो. दर दोन दिवसांनी माझ्या गाडीत लिटरभर पाणी कमी भरायचं. खाली थेंब नाही. वर्तमानपत्र कोरडं. ऑइल स्वच्छ. धुरात वाफ नाही. मिस्त्रींकडे रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा हवेचा पंप होता, त्याने आत दाब भरून बघितला तर काटा अर्धा तास जागचा हलला नाही. हे सुरू व्हायच्या दोनच दिवस आधी त्या रेडिएटरला इस्माईलभाईंनी डाग दिला होता. तेव्हा संशय घ्यायला उरला तो डागच.

"भाई, तुमचा डाग गरम झाल्यावर सुटतोय," मिस्त्री म्हणाले.

"बुडवून बघू," इस्माईलभाई म्हणाले. रेडिएटर उतरवला, बुडवला. एक बुडबुडा नाही. तरी त्यांनी पुन्हा डाग दिला. दोन दिवसांनी पाणी पुन्हा कमी. पुन्हा उतरवला, पुन्हा डाग दिला. मी घाट चढून कॉलेजला जायची, घाट उतरून घरी यायची, आणि सकाळी झाकण उघडलं की पाणी खाली गेलेलं. माझा संताप व्हायला लागला होता.

तिसऱ्या वेळची सकाळ मला अजून लख्ख आठवते. माझा रेडिएटर उतरवून टाकीच्या काठावर उभा केलेला होता. तेवढ्यात वाघोलीचा एक बागायतदार त्याची जुनी जीप ट्रॅक्टरला बांधून घेऊन आला. बरोबर त्याचे दोन भाऊ. जीपचा रेडिएटर शिवणीवर उभा फाटला होता, आणि गाडी उघडून बघायला गेलेल्या त्याच्या भावाची पोटरी भाजली होती. पट्टी बांधलेला तो पाय त्याने सगळ्यांना दाखवला. त्या शिवणीलाही महिन्यापूर्वी इस्माईलभाईंनीच डाग दिला होता.

"असला डाग देता व्हय?" बागायतदार ओरडला. "भावाचा पाय गेला असता! हाडं मोडीन एकेकाची!"

गल्ली जमा झाली. चहावाला, वाण्याचा माणूस, सोसायटीतले चारदोन निवृत्त. मिस्त्रींचा गळा लाल झाला होता. भाजलेली कातडी मात्र गुलाबीच राहिली होती.

आणि मी म्हणाले, "तीनदा डाग दिलाय, तरी माझंही पाणी जातंच आहे."

हे वाक्य मी बोलले नसते तर पुढचं टळलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण मी बोलले.

इस्माईलभाई उठून उभे राहिले. "मिस्त्री," ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही रेडिएटर टाकीत पास झालेत. टाकी खोटं बोलत नाही. तुमच्याकडचं काही राहिलंय का, ते एकदा बघा."

"माझ्याकडचं?"

"एकदा बघा म्हणतो."

मिस्त्रींनी काठावरचा माझा रेडिएटर दोन्ही हातांनी उचलला आणि फेकला. पितळ-तांब्याचा तो जड ठोकळा. इस्माईलभाईंनी तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. रेडिएटर त्यांच्या पायांवर पडला, ते टाकीवर आपटले आणि भुवईतून रक्ताची धार लागली. हात मनगटापाशी भलत्याच दिशेला लोंबत होता.

कुणी हललं नाही. मघाशी हाडं मोडायला निघालेला बागायतदारसुद्धा दोन पावलं मागे सरला होता.

इस्माईलभाई ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने कथील वितळवायची पेटती बत्ती विझवली. डाव्या हाताने आपलं तांब्याचं हत्यार पिशवीत टाकलं. माझ्याजवळून जाताना थांबले. रक्त डोळ्यात उतरत होतं. "बाई, जपून चालवा," ते म्हणाले आणि गेले. मागून चहावाला त्यांना धरायला धावला.

मिस्त्री टाकीकडे पाठ करून उभे होते. "हुबं काय ऱ्हायलाय तमाशा बघत? निघा!" ते गल्लीवर ओरडले. गल्ली पांगली.

दोन दिवसांत सगळ्या बिबवेवाडीत झालं होतं, इस्माईलचे डाग सुटतात. हात मोडला त्याचं एक वेळ कुणी हळहळलं असेल. पण नाव गेलं ते गेलं. कारागिराचं नाव गेलं की त्याच्या टाकीपाशी कोण येणार? ते खडकीला मेहुण्याच्या दुकानी जाऊन राहिले.

मिस्त्रींनी माझ्या गाडीला नवा कोरा रेडिएटर बसवला. मी दोन दिवस घाट चढले-उतरले. तिसऱ्या सकाळी पाणी लिटरभर कमी होतं.

मी गॅरेजात जाऊन एवढंच म्हटलं, "मिस्त्री, आता कुणाचा हात मोडायचा?"

मला वाटलं पाना येईल. आला नाही. ते हात पुसून गाडीत येऊन बसले. "तुमच्या रोजच्या रस्त्यानं चला."

आजवर त्यांनी माझी गाडी बिबवेवाडीच्या गल्ल्यांतच फिरवून बघितली होती. घाटात ती कधी बघितली नव्हती. अर्ध्या चढावर, उष्णतेचा काटा वर सरकलेला असताना, त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या तोंडापासून एक बारीक नळी कडेने खाली जाते, जादा पाण्याला वाट म्हणून. त्या नळीच्या टोकातून गरम पाणी पिचकारत होतं. चढ संपला, गाडी उतरणीला लागून गार झाली, की ते थांबत असणार. म्हणून घरी थेंब नाही. माझं सगळं पाणी कात्रजच्या डांबरावर वाफ होऊन जात होतं.

मिस्त्री पाऊण तास त्या नळीसमोर उकिडवे बसून राहिले. इंजिन निवल्यावर त्यांनी ओलं पोतं टाकून झाकण काढलं आणि उलटंसुलटं केलं. त्यावर कोरलेला आकडा त्यांनी अंगठ्याने पुसला. चार.

माझ्या गाडीला तेरा पौंडाचं झाकण लागतं, म्हणजे आत तेवढा दाब होईपर्यंत न उघडणारं. चार पौंडाचं त्या जुन्या जीपसारख्या गाड्यांना. महिन्यापूर्वी दोन्ही गाड्या एकाच दिवशी गॅरेजात होत्या आणि दोन्ही झाकणं एकाच खिशात. दिसायला सारखी. माझ्या गाडीला जीपचं बसलं, म्हणून पाणी थोड्याशा दाबाने बाहेर पडत होतं. जीपला माझं बसलं, म्हणून दाब बाहेर पडला नाही आणि जुनी शिवण फाटली. रेडिएटर टाकीत बुडवताना झाकण त्यावर नसतं, बूच असतं. पंपाने दाब भरतानाही झाकण काढूनच पंप बसवतात. प्रत्येक तपासणीच्या वेळी ते झाकण मिस्त्रींच्या खिशात होतं. नव्या रेडिएटरवरही तेच चढलं होतं. त्यांनी सगळी गाडी तपासली होती, खिसा तेवढा तपासला नव्हता.

दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. मलाही सुचलं नाही. मी तर डाग देणाऱ्यालाच धरलं होतं.

मिस्त्रींनी स्वतःच्या खिशात बोटं घातली आणि तो खाली ओढला. कापड फाटल्याचा आवाज झाला, शर्ट पोटापर्यंत फाटला. खिसा त्यांनी दरीत फेकला आणि कठड्यावर मूठ मारली, पुन्हा मारली, बोटांची सालं निघेपर्यंत. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बघून बरं वाटलं.

"खडकीला चला," ते म्हणाले.

"आधी माझं झाकण?"

"तोंडाला फडकं बांधू, झाकान हातात न्यायचंय. पाण्याचा डबा घ्या संगती."

फाटक्या शर्टाने ते मेहुण्याच्या दुकानात शिरले. इस्माईलभाई बाकावर बसलेले होते. हात प्लास्टरमध्ये, भुवईवर टाके. मिस्त्रींनी झाकण त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

"हा चोर," ते म्हणाले. "माझ्या खिशात हुता."

इस्माईलभाईंनी आकडा वाचला. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी झाकण बाकावर ठेवलं.

"मला कशाला देता, मिस्त्री? मला माहीतच होतं माझा डाग पक्का आहे. ज्यांच्यासमोर मारलंत, त्यांना द्या."

"त्येंना कसं देऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा." आणि त्यांनी तोंड फिरवलं. परतीच्या वाटेवर मिस्त्री झाकण मुठीत धरून बसले होते. ठेवायला खिसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या गाडीला बरोबर झाकण बसवलं आणि वाघोलीला जाऊन जीपचंही बदललं. चोर मात्र माझ्या हातात दिला नाही. तो टाकीच्या वरच्या खांबावर चार इंची खिळ्याने ठोकला. गॅरेजात शिरलेल्या माणसाची नजर पहिली तिथेच जायची.

साहजिकच लोक विचारायचे, की मिस्त्री, हे काय टांगलंय? पहिलं विचारलं चहावाल्याने. मिस्त्रींनी त्याची गचांडी धरून त्याला दाराबाहेर ढकललं. किटली सांडली. मग मिस्त्री धावत त्याच्या मागे गेले, तीच गचांडी धरून त्याला परत आणलं, स्टुलावर दाबून बसवलं आणि ओरडून सगळं सांगितलं. झाकणं कशी बदलली, कुणाच्या खिशात होती, हात कुणाचा मोडला. "गल्लीत सांग जा!" म्हणाले. "इस्माईलचा डाग पक्का हुता. जा!"

वर्षभर हे चाललं. कधी शिव्या देत, कधी दात आवळून, पण विचारील त्याला सांगायचे, आणि सांगताना मारल्याची गोष्ट कधी गाळली नाही. नवा रेडिएटरवाला त्यांनी ठेवला नाही. टाकी भरलेली असायची आणि तिच्याजवळ कुणी बसायचं नाही. शर्टांचे खिसे त्यांनी काढून टाकले होते. काढलेलं झाकण आता ते गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचे. "धरा. आकडा वाचा मोठ्यानं." हात मात्र अजून चालायचा. कमी, पण चालायचा. माणूस एका झाकणाने बदलतो, असं मी म्हणणार नाही.

त्यानंतरही मी गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडेच नेली. पण मिस्त्री म्हटलं की मला दिसते ती पुढच्या वर्षीची खंडेनवमी.

पोत्यावर हत्यारं मांडली होती. झेंडू मिस्त्रींनी स्वतः आणला होता, निम्मा चेंगरलेला. गल्ली जमली होती. पाना कपाळाला लावून "चुकलं" म्हणणं सुरू होतं. एवढ्यात लोक बाजूला झाले आणि इस्माईलभाई आत आले. प्लास्टर कधीच निघालं होतं. मनगट वाकडंच जुळलं होतं आणि बोटं अर्धवट मिटलेली होती. ते कुणाशी बोलले नाहीत. टाकीपाशी गेले, खांबाकडे मान वर करून बघितलं आणि एखाद्या नव्या गिऱ्हाइकासारखं विचारलं,

"मिस्त्री, हे काय टांगलंय?"

मिस्त्रींच्या हातात पाना होता. मला वाटतं त्या क्षणी सगळी गल्ली त्या पान्याकडे बघत होती. त्यांनी तो पोत्यावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून. ओरडले नाहीत. दोन गाड्या, एक खिसा, चार आणि तेरा. तीनदा दिलेला डाग. "त्यो म्हनला, तुमच्याकडचं काही ऱ्हायलंय का बघा. अन् मी फेकला."

"मग?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"हात मोडला त्याचा."

"जुळला का?"

मिस्त्रींनी त्या हाताकडे बघितलं. "वाकडा जुळला."

"त्याला काही म्हणालात?"

"न्हाई. झाकान दिलं. त्यानं न्हाई घेतलं."

"झाकणाचं नाही विचारत."

मिस्त्रींनी मान वर केली. समोर वीसपंचवीस माणसं होती, ज्यांच्यासमोर मारलं होतं तीच. चहावाला होता, वाण्याचा माणूस होता, मी होते. मग ज्या शब्दाने ते दरवर्षी पान्यांची समजूत घालायचे तोच शब्द, पण ऐकू येईल न येईल असा, त्यांच्या तोंडातून आला.

"चुकलं."

इस्माईलभाईंनी मान हलवली नाही की हात पुढे केला नाही. त्यांनी बाही वर सारली, तो वाकडा हात कोपरापर्यंत टाकीत घातला, तळ चाचपला आणि बाहेर काढून बोटांना लागलेला हिरवा बुळबुळीत थर बघितला.

"पाणी बदला, मिस्त्री," ते म्हणाले. "शेवाळ धरलंय. ह्यात बुडबुडा दिसायचा नाही."

आणि कामठेमिस्त्रींनी पूजा अर्धी सोडून बादली उचलली, आणि ते टाकी उपसायला लागले.